शिऱ्या, तुझ्या पॉपकॉर्नचं उत्तर

कराड,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय शिऱ्यास,
स. न. वि. वि.

परवा तू फोनवर तावातावानं बोलत होतास आणि मी नुसता हं-हं करत होतो, त्याचा राग धरू नकोस. दुकानात चार माणसं उभी होती. एकाचं आधार कार्ड झेरॉक्सच्या काचेवर, दुसऱ्याचं लाईट बिल अर्धं भरलेलं. पण तुझा प्रश्न डोक्यात राहिला. ‘तू या धंद्यातला माणूस. छातीवर हात ठेवून सांग, हे टीव्हीवाले, मोबाईलवाले, थिएटरवाले आपल्याला लुटतात की नाही?’ रात्री व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. दोन ओळींचं काम नाही ते. म्हणून दुकानातलेच फुलस्केप घेऊन बसलोय. कागद फुकट, शाई माझी.

आधी तुझं पॉपकॉर्न. नातवंडांना घेऊन सिनेमाला गेलास, तिकिटं आणि खाणं मिळून अठराशे गेले, त्यात वहिनींच्या पर्समधला चिवडा दारात काढून ठेवला. तुझ्या जिवाला लागलं ते बहुतेक चिवड्याचंच. पण खरं सांगू? या बाबतीत मी तुझ्या बाजूचा नाही. तिकिटाचे पैसे थिएटरवाल्याला वितरकाबरोबर वाटून घ्यावे लागतात, पॉपकॉर्नचे सगळे त्याचे. म्हणून तो खरा धंदा काउंटरवर करतो, पडद्यावर नाही. २०१८च्या पावसाळ्यात मनसेच्या पोरांनी पुण्यात याच्यावरून राडा केला, मग सरकारही बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायची भाषा बोलायला लागलं. पण जानेवारी २०२३मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की जागा मालकाची आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे तो ठरवणार. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायचं. सरन्यायाधीश चंद्रचूडांनी तेव्हा जिलेबीचं उदाहरण दिलं होतं: कुणी जिलेबी खाऊन खुर्चीला हात पुसले तर साफसफाईचे पैसे कोण देणार? मला पटलं बुवा. तुला कुणी ओढून नेलं नव्हतं. घरी येऊन पिठलं-भात खाल्ला असतास तर पाचशे रुपये वाचले असते.

ऑनलाईन तिकिटावरचा जादा आकारही तसाच. आपल्या सरकारनं २०१३ आणि २०१४ साली त्याला मनाई केली होती. यंदाच्या जुलैत मुंबई हायकोर्टानं ते आदेश रद्द केले. कायद्याचा आधार नसताना सरकारनं धंद्यात असा हात घालायचा नाही, म्हणाले. आता खिडकीवर जाऊन तिकीट काढायला तू मोकळा आहेस. खिडकीवरचा पोरगा ‘काका, ऑनलाईनच करा ना’ म्हणतो, ते सोड.

मात्र तू बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेलास. छोटा डबा चारशेवीसचा आणि मोठा पाचशेचा, म्हणून मोठा घेतला आणि निम्मा टाकून दिला. हा छोटा डबा लक्षात ठेव, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

दुसऱ्याला चोर म्हणायच्या आधी आपली वही उघडू. ९३ साली आपण केबलच्या धंद्यासाठी गच्चीवर डिश बसवली तेव्हा महिना शंभर रुपये घ्यायचो. पाच तारखेपासून वसुली, तुझ्याकडे सायकल, माझ्याकडे पिवळी कार्डं. पे चॅनल सुरू झाले, म्हणजे दर घरामागे चॅनल कंपनीला पैसे द्यायचे, तसा त्यांचा माणूस यायला लागला. ‘पॉइंट किती?’ म्हणजे जोडलेली घरं किती. आपण म्हणायचो दोनशेदहा. होते साडेसहाशे. तू त्याला मिसळ खायला न्यायचास आणि मी तेवढ्यात खरी वही कपाटाच्या वर टाकायचो. ९९च्या वर्ल्ड कपच्या आधी वीस रुपये वाढवले आणि ‘वरून वाढ आलीय’ असं घरोघरी सांगितलं. वरून काही आलं नव्हतं, शिऱ्या. तुझ्या बजाज एम-८० गाडीचा हप्ता आला होता.

तरी एक होतं. लोक आपल्याला घरात ओढून नेऊन टीव्हीसमोर उभं करायचे. ‘बघ, मुंग्या बघ. आणि शंभर कशाचे मागतोस?’ पानपट्टीवाला साठच द्यायचा, शिलाई मशीनवाल्या मावशींकडून तर आपण सणावारालाच घ्यायचो. आपण लबाड होतो, पण शिव्या घालायला दारात मिळत होतो.

मग डिजिटल आलं, सेट टॉप बॉक्स आले, खोटे पॉइंट दाखवायची सोय संपली. ते बरंच झालं. तू तोवर चिंचवडला गेला होतास, म्हणून २०१९च्या फेब्रुवारीत काय झालं ते तू जवळून पाहिलं नाहीस. ‘ट्राय’चा, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नवा नियम लागू झाला. गाजावाजा असा की आता ग्राहक राजा, जे चॅनल पाहाल तेवढ्याचेच पैसे. मी शनिवार पेठेत घरोघरी फॉर्म घेऊन फिरलो. एका आजींच्या घरी बसलो होतो, त्या निवडणुकीचा अर्ज भरावा तशा गंभीर. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या: सकाळचं कीर्तन, ते फुकटच्या चॅनलवर, आणि संध्याकाळची एक मालिका, ते चॅनल १९ रुपयांचं. मी हिशेब मांडला. आधी १३० रुपये तारेचे, म्हणजे शंभर चॅनल घरापर्यंत आणायचे. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १५३ रुपये ४० पैसे. मग मालिकेच्या चॅनलचे करासकट २२ रुपये ४२ पैसे. आजींनी चष्मा वर केला. ‘म्हणजे बघायचे बावीस आणि न बघायचे दीडशे?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्ताही नाही.

सून म्हणाली, मला आणखी पाच-सहा चॅनल हवेत. सुटे लावले तर बेरीज पॅकच्या वर जायला लागली. मग घ्या पॅक. पॅकमध्ये तिचे सहा आणि बरोबर न मागितलेल्यांची वरात. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी देताना खाली पिवळी पानं सरकवते ना, तसं. फरक एवढाच की ती पानं निवडून टाकता येतात. आणि हे पैसे माझ्या खिशात येत होते असं समजू नकोस. वेगळं काही ठरलं नसेल तर १३०चे ५५ टक्के आपल्याला सिग्नल देणाऱ्या वरच्या कंपनीला आणि ४५ टक्के आपल्याला, म्हणजे साडेअठ्ठावन्न. १९च्या चॅनलमध्ये पाचवा हिस्सा वितरणाचा, त्यातला माझा वाटा एक रुपया एकाहत्तर पैसे. शिव्या मात्र शंभर टक्के माझ्या, त्यात कुणी वाटा मागत नव्हतं.

पुढं २०२०मध्ये ‘ट्राय’नं सांगितलं, पॅकमध्ये घालायचं चॅनल १२ रुपयांच्या वरचं नको. चॅनलवाले मुंबई हायकोर्टात गेले, तिथं बरंचसं हरले. मग त्यांनी काय करावं? लोकांच्या आवडीचे चॅनल पॅकमधून बाहेर काढायचे आणि सुटे महाग विकायचे, असं जाहीर केलं. शेवटी २०२२च्या नोव्हेंबरात १२चे पुन्हा १९ झाले. गेल्या वर्षी १३०ची मर्यादाही उठली. त्याआधीच मी नेटवर्क विकून एस.टी. स्टँडजवळ हे दुकान टाकलं होतं.

या दुकानात बसून एक गोष्ट कळली, आणि तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर तेच आहे. या कंपन्या तुला आणि मला फारशा लुटत नाहीत. ज्याला थोडंच हवंय त्याला लुटतात.

पुतण्याचं उदाहरण घे. दिवसभर रील बघतो, मॅच बघतो, रात्री गेम. २०१६च्या आधी एक जीबीला अडीचशेच्या आसपास मोजत होतो, महिनाभर पुरवून पुरवून वापरायचं. आज तो तेवढं दुपारच्या जेवणापर्यंत संपवतो. त्याच्या दृष्टीनं हा देश स्वर्ग आहे आणि ते खोटंही नाही. आता माझ्या दुकानात येणारी दुसरी माणसं बघ. बटणाचा फोन, मागचं झाकण रबरानं बांधलेलं, खिशात घडी केलेली नोट. ‘फोन येत न्हाई, बघा जरा.’ बघायचं काय, रिचार्ज संपलेला असतो. या माणसाला कुणाला फोन करायचा नसतो. पोरगं मुंबईत आहे, त्याचा यावा एवढंच.

तुला ती ‘लाईफटाईम’ आठवते? २००६च्या सुमारास ९९९ रुपये एकदा भरले की जन्मभर इनकमिंग फुकट. आपण दोघांनी घेतली होती. तो जन्म २०१८ला संपला. ३५ रुपयांचा रिचार्ज दर २८ दिवसांनी मारा, नाहीतर इनकमिंगही बंद, असं सुरू झालं. ३५चे ४९, ४९चे ७९, मग ९९. आता २८ दिवसांची सगळ्यात खालची पायरीच बहुतेक ठिकाणी दोनशेच्या घरात गेलीय. त्यात त्याला अनलिमिटेड बोलणं मिळतं, ते तो बोलत नाही. नेट मिळतं, ते त्याच्या फोनला कळत नाही. एकेकाळी डझनभर कंपन्या होत्या, एकीनं वाढवलं की माणूस दुसरीकडं जायचा. आता खासगी तीन उरल्या. गेल्या वर्षी जुलैत तिन्हींनी पाठोपाठ दर वाढवले, एकीनं थांबून बघितलंसुद्धा नाही.

आणि २८ दिवसांचा महिना! एवढ्या वर्षांत फेब्रुवारी सोडून असा महिना मी पाहिला नाही. वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. लोकांनी ओरड केली तेव्हा ‘ट्राय’नं २०२२मध्ये सांगितलं की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेचा ठेवा. ठेवला. निदान एक म्हटलं होतं, तेव्हा एक ठेवला. गेल्या डिसेंबरात आणखी एक चांगला हुकूम निघाला: ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचा रिचार्ज द्या. मला वाटलं, चला, आपल्या बटणवाल्यांचं भलं झालं. जानेवारीत प्लॅन आले. वर्षभराचा सतराशे-अठराशेच्या घरात. हिशेबानं स्वस्त पडतो, नाही असं नाही. पण रोजंदारीवरचा माणूस सतराशे एकदम काढणार कुठून? पुन्हा तोच छोटा डबा. गरीब माणूस लहान पुडी घेतो, म्हणून त्याला भाव जास्त.

ओटीटीवर, म्हणजे नेटवरच्या सिनेमा-मालिकांवर, मी फार लिहीत नाही, माझा मुलगाच बघतो ते. एक मात्र कबूल करतो, तिथं जोर चालला नाही तेव्हा त्यांनी भाव पाडलाय. नेटफ्लिक्सनं २०२१च्या डिसेंबरात ४९९चा प्लॅन १९९वर आणला. कुणी कोर्टात गेलं नव्हतं, लोक घेतच नव्हते म्हणून. उलटही झालंय. प्राईमवर वर्षाचे पैसे भरून बसलेल्यांना यंदा जूनपासून जाहिराती दाखवायला लागले, नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. आपण वीस रुपये वाढवले होते तेव्हा निदान नवीन वायर तरी ओढली होती.

आता घरचं. आई अजून मसूरलाच आहे, कराडला यायचं नाव काढत नाही. तिच्या फोनचा हिशेब मी वहीत ठेवलाय, आपल्या जुन्या पिवळ्या कार्डासारखा. यंदा अकरा महिन्यांत बारा रिचार्ज झाले. फोन केले किती, ते ओढून काढले: एकतीस. त्यातले नऊ चुकून बटण दाबलं गेलेले. दुसऱ्या कंपनीचं कार्ड स्वस्त आहे, घातलंही होतं, पण रेंज येते गोठ्याच्या पत्र्यावर चढल्यावर. ब्याऐंशीव्या वर्षी तिला पत्र्यावर कोण चढवणार? वर्षाचा मारून टाकतो म्हटलं तर मला म्हणाली, ‘एवढं एकदम कशाला भरतोस? माझं वर्षाचं काय खरं आहे?’ यावर काय बोलणार. म्हणून दर २८ दिवसांनी मारतो.

गेल्या महिन्यात मारायचा राहिला. चार दिवस फोन बंद. ती रोज संध्याकाळी उंबऱ्यात फोन मांडीवर घेऊन बसलेली, आणि शेजारणीला सांगत होती, ‘शिरूचा फोन यायचा होता, आला नाही, त्याचं काहीतरी बिनसलंय.’ माझ्यावर संशय नाही, कंपनीवर नाही, तुझ्यावर.

तर या खेपेचा रिचार्ज २२ तारखेला संपतोय. मी भरीनच, पण तू एकवीसच्या आत तिला एकदा लाव. सकाळी नको, कीर्तन असतं. आणि वहिनींना सांग, चिवडा मी खातो, इकडं दारात कुणी काढून घेत नाही.

तुझा,
दिल्या