मावशीच्या रिपोर्टमधली एक ओळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मावशीचा बायोप्सी रिपोर्ट नीट वाचला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तोही यकृतात पसरलेला. घरात सगळ्यांची काय अवस्था असेल ते कळतंय. तू विचारलं आहेस, "इम्युनोथेरपी सगळ्यात नवीन आहे, तर तीच द्या असं डॉक्टरांना सांगू का?" औषध नवीन आहे की जुनं, यावर हे ठरत नाही रे. ते गाठीच्या जनुकांवर ठरतं. आणि रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर त्याबद्दल एक ओळ आहे: एमएसएच२ आणि एमएसएच६ ही दोन प्रथिनं गाठीच्या पेशींत आढळली नाहीत. माझं सगळं काम याच ओळीभोवती फिरतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही तपासणी अशी होते. गाठीचा अगदी पातळ काप काचेवर घेतात आणि त्यावर एमएसएच२ला नेमकी चिकटणारी अँटीबॉडी सोडतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो, नसेल तिथे केंद्रकं निळीच राहतात. मावशीसारख्या गाठीत गाठीच्या पेशी निळ्या दिसतात आणि त्यांच्यात घुसलेल्या बारीक लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मात्र ठसठशीत तपकिरी. त्या लिम्फोसाइट रंगल्या म्हणजे तपासणी बरोबर झाली, प्रथिन खरोखरच नाही. पण मी या स्लाइड बघते तेव्हा माझी नजर दुसऱ्याच गोष्टीवर खिळते. या लिम्फोसाइट इथे इतक्या दाटीनं जमल्यात कशाला? आतड्याच्या इतर बहुतेक गाठींत एवढी गर्दी नसते.

पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. एमएसएच२ आणि एमएसएच६ ही जोडी मुद्रितशोधकासारखी ती नक्कल तपासत जाते. चूक सापडली की एमएलएच१ आणि पीएमएस२ ही दुसरी जोडी येते आणि तो तुकडा कापून दुरुस्त करवते. ही यंत्रणा बंद पडली की चुका साठत जातात. जिथे एकच अक्षर ओळीनं पुन्हा पुन्हा येतं तिथे तर फारच. एखादं अक्षर गळलं किंवा वाढलं की त्यापुढचं प्रथिन पार वेगळंच बनतं. अशा प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर येतात. शरीरानं ते पूर्वी कधी पाहिलेले नसतात, म्हणून टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, धावून येतात. गर्दीचं कारण हेच. ज्या बिघाडानं कॅन्सर झाला, त्याच बिघाडानं तो उघडाही पडतो. इतकी वर्षं या विषयात काढली, तरी मला याचं नवल वाटतं.

मग टी पेशी गाठ संपवत का नाहीत? त्यांच्यावर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. त्याला पीडी-एल१ येऊन चिकटलं की टी पेशी थंडावते. गाठीत हे पीडी-एल१ भरपूर तयार होतं. तू म्हणतोस त्या इम्युनोथेरपीतलं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध म्हणजे एक अँटीबॉडी. ती पीडी-१वर जाऊन बसते आणि त्या दोघांची भेटच होऊ देत नाही. म्हणजे हे औषध कॅन्सरच्या पेशीला मारत नाही, मारायचं काम मावशीच्याच टी पेशींनी करायचं आहे. स्तनाच्या कॅन्सरमधल्या ट्रॅस्टुझुमॅबचं तसं नाही, ती गाठीच्या पेशीवरच्या हर२ या प्रथिनाला जाऊन चिकटते. ‘अँटीबॉडीचं औषध’ म्हणून सगळी एका माळेत ओवू नकोस.

हे कळलं कसं, तेही सांगते. पीडी-१ रोखणाऱ्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत आतड्याच्या कॅन्सरचे रुग्ण जवळजवळ सगळे निराश झाले होते, फक्त एकाला गुण आला. त्याच्या गाठीत हीच दुरुस्ती बंद होती. तो धागा धरून २०१५ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. आतड्याच्या कॅन्सरमध्ये दुरुस्ती बंद असलेल्या १० जणांपैकी ४ जणांच्या गाठी आकसल्या, दुरुस्ती शाबूत असलेल्या १८ जणांपैकी एकाचीही नाही. पुढे २०२० साली कीनोट-१७७ ही ३०७ रुग्णांची चाचणी आली. सगळे मावशीसारखेच, पसरलेला आजार आणि दुरुस्ती बंद. केमोवर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ८.२ महिने होता, पेम्ब्रोलिझुमॅबवर १६.५. म्हणून डॉक्टरांना "इम्युनोथेरपी द्या" असं सांगू नकोस. "दुरुस्तीची जनुकं बंद आहेत, तर पहिल्यापासून हेच औषध द्यायचं का?" असं विचार. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात चार-पाचच असतात. बाकीच्यांना एकट्या या औषधाचा क्वचितच उपयोग होतो आणि आशेपोटी खर्च मात्र होतो. ते पाहून मला फार वाईट वाटतं.

मावशीलाही ते लागू पडेलच असं मी म्हणणार नाही. काहींचा आजार औषध सुरू असतानाही वाढतो. काही गाठी तर ते प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडणारं जनुकच गमावून बसतात. त्यांतल्या काही तरीही औषधाला दाद देतात. त्या का देतात, हाच सध्या माझ्या कामाचा प्रश्न आहे. आणि सुटलेल्या टी पेशी कधी थायरॉइडवर, आतड्यावर, फुप्फुसावर किंवा क्वचित हृदयावर उलटतात. जुलाब, धाप, विलक्षण थकवा, यांतलं काहीही झालं तर "औषधानं होतं असं" म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी कळवा.

आता जे लिहायला जड जातंय ते. तुझ्या आजीला गर्भाशयाचा कॅन्सर होता आणि मामा ऐन चाळिशीत आतड्याच्या कॅन्सरनं गेले, हे तूच मला सांगितलं होतंस. १८९५ साली अमेरिकेत आल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टला त्याच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं होतं, "आमच्या घरातले सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार." ती खरंच तशीच गेली. वॉर्थिननं तिच्या कुटुंबाची वंशावळ मांडून १९१३ मध्ये छापली. दुरुस्तीच्या जनुकातला दोष वारशानं येतो, त्यातून होणारा हा आजार. डॉक्टर हेन्री लिंच यांनी पुढे त्याचा पिच्छा पुरवला, म्हणून त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यामागच्या जनुकांपैकी एमएसएच२ मात्र १९९३ साली हाती आलं.

मावशीच्या रक्ताची जनुकीय तपासणी करून घ्या, आधी तिचीच. दोष फक्त गाठीतच असेल तर बाकीच्यांना तपासायची गरज बहुधा पडणार नाही. रक्तातही सापडला तर तुझ्या आईला तो असण्याची शक्यता निम्मी, आणि आईला असला तर तुलाही निम्मी. घाबरू नकोस. ज्यांना दोष आहे त्यांनी दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतड्याची तपासणी, केली तर पॉलिप, म्हणजे आतड्यात वाढणारे कोंब, कॅन्सर होण्याआधीच काढता येतात. त्या बाईच्या हातात यातलं काहीच नव्हतं, तुमच्या हातात आहे. आईला हे फोनवर सांगू नकोस, समोर बसून सांग. वाटलं तर मी येते.

मामांचे जुने कागद शोधून ठेव, विशेषतः पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, रुग्णालयात अजून जपलेला असेल, तर त्यावरही हीच तपासणी होऊ शकते. डॉक्टरांशी बोलणं झालं की फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी मैत्रीण