प्रयोगवहीतले ९.८ : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सविनय नमस्कार.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका अनुदानित महाविद्यालयात मी बावीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवतो आहे. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांना लागू झाले आणि तेव्हापासून श्रेयांक, मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय), कौशल्य अभ्यासक्रम यांवर आमच्या असंख्य बैठका झाल्या. त्या आवश्यक होत्या. मात्र विद्यार्थ्याने लिहिलेले कोणीतरी काळजीपूर्वक वाचावे आणि कुठे चुकले ते त्याला त्याच आठवड्यात सांगावे, या सर्वांत जुन्या आणि बिनखर्चाच्या समजल्या जाणाऱ्या कामाविषयी त्या बैठकांत मी एक शब्दही ऐकला नाही. हे पत्र त्या कामासाठी आहे.

प्रथम वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी मुद्दाम साधा लंबक देतो. अकरावीत झालेला प्रयोग म्हणून मुले निर्धास्त असतात. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या वहीत गुरुत्वत्वरणाचे उत्तर पुस्तकातल्याप्रमाणे नेमके ९.८ होते, पण तिच्याच तक्त्यातले आकडे घेऊन मी गणित केले तर ते १०.८ येत होते. विचारल्यावर ती म्हणाली, "सर, उत्तर माहीत होतं, म्हणून शेवटी तेच लिहिलं." मी तिला पुन्हा लंबकापाशी नेले आणि मोठ्याने मोजायला सांगितले. गोळा सोडताच ती 'एक' म्हणाली. मोजणी शून्यापासून सुरू व्हायला हवी होती. तिची वीस आंदोलने प्रत्यक्षात एकोणीसच होती आणि सूत्रात आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग होत असल्यामुळे पाच टक्क्यांची चूक उत्तरात दहा टक्क्यांच्या वर गेली होती. हे तिचे तिलाच उलगडले, तेव्हा तिने ९.८ खोडून १०.८ लिहिले, चूक कशी झाली ते खाली दोन ओळींत नोंदवले आणि निरीक्षणे नव्याने घेतली. या सगळ्याला पंचवीस मिनिटे लागली. त्या दिवशी बॅचमध्ये अठरा विद्यार्थी होते. उरलेल्या सतरा वह्यांवर मी केवळ सही केली. त्यांतल्या किती जणांनी 'एक'पासून मोजले होते, हे मला आजही ठाऊक नाही.

मागच्या वर्षीच्या जर्नलवरून निरीक्षणे उतरवणे हा आळशी मुलांचा दोष आहे, असे मी बरीच वर्षे मानत होतो. आता मानत नाही. आपली वही कोणी वाचणार नाही, तिच्यावर फक्त शिक्का बसणार, हे एकदा कळल्यावर अठरा वर्षांचा मुलगा तिच्यासाठी खपेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. अंतर्गत चाचण्यांचेही तेच. उत्तरपत्रिका तपासल्या जातात, गुण पोर्टलवर भरले जातात आणि गठ्ठे सुतळीने बांधून कपाटात जातात, कारण समिती आली तर ते दाखवावे लागतात. ज्याने ते लिहिले त्याच्या हाती मात्र ते परत पडत नाहीत. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे, पण तो वापरला जातो तो निकाल लागून गेल्यावर, फेरतपासणीच्या अर्जापुरता. तोवर तो विषय मागे पडलेला असतो आणि उरतो तो गुणांचा वाद. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असावी, असे राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली लिहून ठेवले होते.

आता वेळेचा प्रश्न, कारण अडते ते तिथेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. वह्या वाचण्याचा, विद्यार्थ्याला समोर बसवून चूक समजावण्याचा वेळ वेळापत्रकात कुठे दिसत नाही, म्हणून तो प्रत्यक्षातही उरत नाही. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांची अवस्था याहून कठीण आहे. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे. चाळीस वह्या घरी नेऊन वाचणारा प्राध्यापक आणि एकही न वाचणारा प्राध्यापक यांच्या देयकात एका रुपयाचाही फरक नसतो. रिक्त पदांमुळे अनेक विभागांचा भार आज याच लोकांच्या खांद्यावर आहे, आणि तरीही त्यांच्यापैकी कित्येक जण वह्या वाचतात, हे मला आपल्याला आवर्जून सांगायचे आहे.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या आजवरच्या चौकटीत संलग्न महाविद्यालयांसाठी १००० पैकी ३५० गुण अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाला होते. सर्वाधिक भर इथेच, आणि तो योग्यही आहे. प्रत्यक्षात मात्र या गुणांसाठी आम्ही तक्ते भरतो, छायाचित्रे जोडतो, अहवाल चढवतो. समितीने वाटेल त्या दहा विद्यार्थ्यांच्या वह्या मागवून त्यांतले शेरे वाचले, असे माझ्या पाहण्यात कधी आले नाही. वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनेल बसवण्याला माझा विरोध नाही. पण २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या महाविद्यालयीन अध्यापनावरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यात विद्यार्थ्यांना स्वतः विचार करायला, सोडवायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांच्या तुलनेत नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे दीडपट आढळले. पॅनेलवर दाखवलेले व्याख्यानही व्याख्यानच असते.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. अंतर्गत चाचणीची प्रत्येक उत्तरपत्रिका पंधरा दिवसांत लेखी शेऱ्यासह विद्यार्थ्याला परत मिळावी, तपासणीसाठी नमुन्यादाखल हव्या तेवढ्या प्रती महाविद्यालयाने ठेवाव्यात, असा स्पष्ट आदेश विद्यापीठांमार्फत निघावा. त्या वाचनाचा वेळ कार्यभारात धरला जावा आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना त्याचे वेगळे मानधन मिळावे. दुसऱ्या भागाशिवाय पहिला भाग काढू नये, ही विशेष विनंती, कारण मग शेऱ्यांचेही छापील शिक्के तयार होतील. प्रात्यक्षिकाची बॅच बारापर्यंत आणता आली तर फारच उत्तम, पण त्यासाठी रिक्त पदे भरावी लागतील याची मला जाणीव आहे, आणि ती भरण्याची मागणी आमच्या संघटना वर्षानुवर्षे करत आहेतच.

पुढील सत्राची वेळापत्रके दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तयार होतात. निर्णय त्याआधी झाला तर तो याच वर्षीच्या मुलांच्या उपयोगी पडेल.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक