बीबीएस अजून भूतकाळात गेलेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या संगणकांविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा बीबीएसचा (बुलेटिन बोर्ड सिस्टिम, थोडक्यात बोर्ड: दूरवरून जोडून संदेश आणि फाइलींची देवाणघेवाण करण्याचा संगणक) उल्लेख बहुतेक वेळा ‘होते’ या क्रियापदावरच संपतो. शिकागोत १६ फेब्रुवारी १९७८ रोजी वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिला बोर्ड सुरू केला, एका फोनलाइनवर एका वेळी एकच माणूस, पुढे इंटरनेट आले आणि सगळे संपले, एवढेच वाचकापर्यंत पोहोचते. सिंक्रोनेट, मिस्टिक, एनिग्मा ½ अशा सॉफ्टवेअरवर शेकडो बोर्ड आजही चालू आहेत. फोनलाइनवरच्या मोडेमची जागा टेलनेट आणि एसएसएच या, इंटरनेटवरून दूरच्या संगणकात शिरण्याच्या पद्धतींनी घेतली. बोर्डांना आपसांत जोडणारे, १९८४ साली सुरू झालेले फिडोनेट अजूनही टपाल पोहोचवते, फक्त आता इंटरनेटवर, पोर्ट (संगणकाचे क्रमांक दिलेले दार) २४५५४ वरून. आपल्याकडे ज्यांना घरून बोर्ड चालवायचा आहे, ते नेमके कुठे अडतात हे सांगण्यासाठी हे पत्र.

यंत्राचा प्रश्न सोपा आहे. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आणि पाच व्होल्ट, तीन अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. मेमरी कार्डावर बोर्ड ठेवू नये. लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडते, म्हणून यूएसबीवरची एसएसडी घ्यावी आणि राउटरही त्याच यूपीएसवर लावावा.

खरी अडचण जोडणीची. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, पाहा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरवरून घरच्या यंत्राकडे वळवणे) कितीही नीट केले तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. स्थिर आयपी विकत घ्यावा, नाहीतर एखादा स्वस्त भाड्याचा सर्व्हर घेऊन तिथून घरापर्यंत बोगदा, म्हणजे दोन यंत्रांमधली खासगी जोडणी, काढावा. एसएसएचचा उलटा (घरच्या यंत्रावरून सुरू केलेला) बोगदा सर्वांत लवकर उभा राहतो, पण सर्व्हरवर गेटवेपोर्ट्स या सेटिंगची परवानगी दिली नाही तर तो फक्त त्या सर्व्हरच्या आतूनच उघडतो. शिवाय प्रत्येक पाहुणा एकाच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. एका त्रासदायक माणसाला आयपीवरून बंदी घातली की सगळ्यांनाच दार बंद! वायरगार्ड या व्हीपीएनने, पाहुण्याचा मूळ पत्ता न बदलता डेटाची पाकिटे पुढे पाठवली तर हे टळते. मात्र उत्तराची पाकिटेही त्याच बोगद्यातून परत जातील असे रूटिंग घरच्या यंत्रावर करावे लागते.

टेलनेटचे नेहमीचे पोर्ट २३ उघडले की थोड्याच वेळात बॉट (आपोआप चालणारे घुसखोर प्रोग्राम) येतात. २०१६ च्या मिराई या बॉटपासून पोर्ट २३ आणि २३२३ दोन्ही सतत चाचपले जातात, त्यामुळे २३२३ वर हलवून फारसा फायदा नाही. बॉट लॉगिनपाशी नुसते बसून राहतात आणि चार नोडचा (एका वेळी चार जणांना घेणारा) बोर्ड भरून जातो. लॉगिनच्या आधी दोनदा एस्केप दाबायला लावावे, ३० सेकंदांत काही न दाबणाऱ्याला काढून टाकावे. सॉफ्टवेअर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून चालवू नये. १०२४ च्या खालचे पोर्ट हवे तर प्रोग्रामला सेटकॅप या लिनक्सच्या आज्ञेने तेवढाच हक्क द्यावा. टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, तेव्हा सिसॉपने (बोर्ड चालवणाऱ्याने) स्वतः एसएसएचनेच आत यावे.

मजकूर ठीक येतो पण झेडमोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने उतरवलेली झिप फाइल फुटते, ही तक्रार नेहमीची. टेलनेटमध्ये २५५ हा बाइट आज्ञेची खूण आहे. तो फाइलमध्ये आला तर दोनदा पाठवावा लागतो. एका टोकाने हे केले नाही की फाइल गेली.

आता मराठी. यावर सर्वांत कमी बोलले जाते, आणि मला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. बोर्डांचा जुना अक्षरसंच म्हणजे कोड पेज ४३७, त्यात देवनागरी नाही. यूटीएफ-८ या आजच्या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. फिडोनेटच्या पाकिटात नावाला शेवटच्या शून्यासह ३६ बाइट आहेत, विषयाला ७२. ‘ज्ञानेश्वर’ लिहून पाहा: हलन्त, काना, मात्रा धरून दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट. मोकळ्या जागेचा एक. उरले चार. आडनावाचे एकच चिन्ह मावते आणि पुढचे मधूनच तुटून तिथे चौकोन उमटतो. म्हणून नेटवर्कवरचे नाव रोमन लिपीत ठेवावे, विषय २३ चिन्हांच्या आत बसवावा, मजकूर मात्र खुशाल देवनागरीत लिहावा आणि संदेशासोबत यूटीएफ-८ ची खूण पाठवावी.

पडद्यावरही घोळ होतो. ‘क्षत्रिय’ची अक्षरे आपण तीन मोजतो, संगणक आठ चिन्हे साठवतो, आणि ऐंशी घरांच्या ओळीत त्याला किती घरे द्यायची याबाबत दोन टर्मिनलचे एकमत होत नाही. मेनूची उजवी चौकट वाकडीतिकडी दिसते ती यामुळे. मराठी ओळींना उजवी चौकट काढूच नये. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने डॉसवर देवनागरी आणली तेव्हा इस्की या भारतीय अक्षरसंकेतात एका चिन्हाला एक बाइट पुरत असे. आज तो हिशेब तिप्पट झाला आहे, हे मेनू बनवणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावे.

दुसऱ्यांचे संदेश साठवणारा सिसॉप कायद्याच्या दृष्टीने मध्यस्थ ठरू शकतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपावेत. तक्रारीसाठी पत्ताही पहिल्याच पडद्यावर द्यावा. बॅकअप घेताना मेलर (फिडोनेटच्या टपालाची ने-आण करणारा प्रोग्राम) थांबवावा. जॅम प्रकारच्या संदेशसंग्रहाच्या चार फाइली असतात, त्यांतली एक जरी वेगळ्या क्षणाची असली तरी संदेश एकमेकांत मिसळतात. तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून, एखादा जुना संदेश उघडून बघितल्याशिवाय मूळ फाइलींना हात लावू नये.

आपला,
एक सिसॉप, पुणे