स्टुर्लुसन हे आडनाव नव्हे

रविवार पुरवणीतील आइसलँडचा मध्ययुगीन कवी व इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन याच्यावरचा लेख आवडला. मात्र ‘स्टुर्लुसन घराणे’ हा उल्लेख खटकला. स्टुर्लुसन म्हणजे ‘स्टुर्लाचा मुलगा’, एवढेच. आपल्याकडे नावापुढे वडिलांचे नाव लावतात, तसेच हे. घराण्याचे नाव स्टुर्लुंग. शिवाय ११७९मध्ये जन्मलेला स्नोरी लहानपणापासून वाढला तो ओद्दीला, योन लोफ्त्सन या बड्या सरदाराच्या घरी. हा योन नॉर्वेच्या राजाचा दौहित्र. स्नोरीवर विद्येचे संस्कार झाले ते तिथेच. लेखात ओद्दीचे नावही नाही! आणि १२४१मध्ये नॉर्वेच्या राजाच्या इशाऱ्यावरून स्नोरीला मारायला माणसे घेऊन आलेला गिसूर त्याचाच पूर्वीचा जावई होता. लेखात तो नुसता ‘शत्रू’ आहे.

– एक वाचक, पुणे