खंजेरी पाठवतो आहे

प्रिय गड्या,

पऱ्हाटीची वेचणी सुरू आहे. सकाळी दवानं कापूस ओला असतो, तो सुकेपर्यंत धुऱ्यावर बसून लिहितो.

पोस्टरवर वेगळं नाव टाकतोस अन् खंजेरी काढली की बँडवाले पोट्टे हसतात, हे फोनवर ऐकून लय लागलं. चार दिवस तुला मनात शिव्या दिल्या. मग तुझ्या भिंतीवरचा तो मिशीवाला आठवला, फ्रेडी मर्क्युरी, इंग्लंडच्या क्वीन बँडचा गाणारा. त्यानं तरी दुसरं काय केलं?

खरं नाव फारुख बुलसारा. बुलसार म्हणजे आताचं वलसाड. आपल्याकडे अकोलकर, तसा तो गावावरून बुलसारा. जन्म मात्र १९४६ चा, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा. बाप तिथं इंग्रज सरकारचा कॅशियर. घरी पारशी रीत, गुजराती बोली. आठेक वर्षांचं पोरगं बोटीनं इकडे आलं ते थेट आपल्या पाचगणीच्या वसतिगृहात. आपण आठव्या वर्षी दारव्ह्याच्या बाजारात हरवलो तर केवढे रडलो होतो, आठवते काय? शाळेत पोरांनी त्याचं 'फ्रेडी' केलं. तिथंच पाच जणांचा बँड काढला, हेक्टिक्स. गंमत म्हणजे त्यात गाणारा दुसराच होता, हा पियानोवर!

१९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली, घरदार सोडून सगळे लंडनजवळ फेल्थमला आले. पोरगा सतरा वर्षांचा. पुढे क्वीन, १९७०. ते तुला पाठच आहे.

आडनाव सोडलं, मुलाखतीत घरचं फारसं बोललाही नाही. मला आधी ते पटलं नाही. पण १९८५ चा तो लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमचा व्हिडिओ पाह्य. हा एक तान टाकतो अन् सत्तर हजारांवर माणसं जशीच्या तशी परत देतात. बुवांनी चरण टाकायचा अन् मंडळींनी उचलायचा, तसंच वाटते बाप्पा! तो हे पाचगणीत शिकला असं म्हणत नाही मी, उगाच ओढूनताणून नको. पण तू तर हे आपल्या मंदिरातच शिकलास ना? खंजेरीवर सारा गाव डोलवणारे तुकडोजी महाराज, त्यांचंही पाळण्यातलं नाव माणिकच होतं. १९५५ ला जपानला गेले, पण खंजेरी काही सोडली नाही.

१९९१ मध्ये फ्रेडी गेला, तेव्हा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनीच केला. मायबाप समोर होते.

तर नाव काय पाहिजे ते टाक, माझी ना नाही. तुझी खंजेरी कोठ्यात खुंटीला लटकली होती. पावसाळ्यात कातडं ढिलं पडून थाप बदबद येत होती, काल रात्री चुलीजवळ शेकली, तर अशी कडाडली की आजी आतून ओरडली, "आला काय रे तो?"

उद्या रातच्या ट्रॅव्हल्सनं टाकतो, सकाळी उतरवून घेजो. दोन झांजा गंजल्या आहेत. घासू नको, तेल लाव.

तुझाच,
धुऱ्यावरचा