मूसवाल्या काकांना उघडं पत्र

काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलो असतो तर ‘बरं बरं, चहा घे’ म्हणून तुम्ही विषयच मोडला असता. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय. कॅनडातल्या विनिपेगच्या उणे पंचविसात, लॅपटॉपवरच्या एका खेळात अडकलेल्या पोरासाठी सत्तरी ओलांडलेला माणूस दोन बस बदलून येतो, हे जरा लोकांनाही कळू दे.

खेळ म्हणजे ईस्टसाइड हॉकी मॅनेजर, बर्फावरच्या हॉकीचा. मूळचा फिनलंडच्या रिस्तो रेमेसचा, २०१५ मध्ये स्टीम या ऑनलाइन दुकानात नव्याने आलेला. यात आपण स्टिक हातात धरत नाही, संघ चालवतो. खेळाडू आणायचे, करार करायचे, पगाराची मर्यादा सांभाळायची. मी विनिपेग जेट्स घेतले होते, सर्वांत वरच्या लीगमधले, म्हणजे एनएचएलमधले. आणि त्यांचा एएचएल या खालच्या लीगमधला संघ, म्हणजे मॅनिटोबा मूस, माझ्या लेखी अडगळीची खोली होती. वर जागा नसेल तो माणूस खाली टाकायचा, संपलं.

ऑक्टोबरात मी एका सव्वीस वर्षांच्या डिफेन्समनला खाली पाठवला. त्याचा करार टू-वे. म्हणजे वर-खाली कितीही नाचवा, काही होत नाही, अशी माझी पक्की समजूत. चोवीस तासांनी स्क्रीनवर बातमी आली, दुसऱ्या क्लबनं त्याला वेव्हर्सवरून उचलला, म्हणजे खाली पाठवताना इतर क्लबांना त्याच्यावर हक्क सांगायची जी संधी मिळते, ती साधली. बदल्यात मला काही नाही. पुढच्याच महिन्यात मूसचा गोली, म्हणजे गोलरक्षक, जखमी झाला. बदली शोधायला गेलो तर करार ५० पैकी ५०, क्लबला एनएचएलचे त्याहून जास्त करार करता येत नाहीत. वर्षभर स्वस्तात मिळेल त्या तिशीतल्या माणसाला एनएचएलचा करार वाटत सुटलो होतो, त्याचं फळ.

तेव्हा तुम्हाला फोन केला. गेम तुम्हाला येत नाही, हे मला माहीत होतं. पण मूस तुम्हाला येतात. १९९६ मध्ये जेट्स फिनिक्सला गेले आणि २०११ मध्ये हॉकीचा मोठा संघ परत आला, तोवरची पंधरा वर्षं या शहराला मूसच होते. ‘लोक त्यांना मायनर म्हणायचे, आमच्याकडे तेवढेच होते रे,’ हे तुमचं वाक्य मी आधीही ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र नीट ऐकलं.

तुम्ही किराणाच्या पावतीची मागची बाजू घेतलीत आणि पेन्सिलीनं दोन उभ्या रेघा मारल्यात. पहिल्या रकान्यात ‘पगार’, दुसऱ्यात ‘वेव्हर्स’, तिसऱ्यात ‘मोजणी’. टू-वे करार फक्त पहिल्या रकान्याचा, म्हणालात. वर खेळलास तर हा पगार, खाली खेळलास तर तो. वेव्हर्स ठरतात वयावर, पहिला करार कितव्या वर्षी केला त्यावर, किती सामने खेळला त्यावर. अठराव्या वर्षी सही केलेल्या पोराला साधारण पाच हंगाम किंवा १६० सामने वेव्हर्समधून सूट असते. माझ्या सव्विशीतल्याची कधीच संपली होती. तिसऱ्या रकान्यात तुम्ही ५० लिहून त्याभोवती गोल काढलात आणि विचारलंत, ‘यातले वर कधीतरी खेळतील असे किती?’ मी मोजले. एकतीस.

‘मग बाकीच्यांना एएचएलचा करार दे की.’

इतकं साधं. एएचएलचा करार त्या ५० मध्ये धरला जात नाही. अट एवढीच, की त्या खेळाडूला वर खेळवायचं तर आधी एनएचएलचा करार करावा लागतो. आणि घाई असेल तर ट्रायआउट, म्हणजे चाचणीचा तात्पुरता करार असतो, पंचवीस सामन्यांपर्यंतचा.

मग तुम्ही माझ्या म्हाताऱ्यांची यादी बघून हसलात. (मला तेव्हा रागच आला होता, आता सांगतो.) एएचएलमध्ये गोली सोडून अठरा जण उतरतात, त्यातले बारा जण २६० किंवा त्याहून कमी व्यावसायिक सामने खेळलेले लागतात, आणखी एक ३२० पर्यंतचा. मुरलेल्यांना उरतात पाच जागा. मी नऊ भरले होते. ‘चौघं जण कोट घालून प्रेक्षकांत बसणार, आणि पगार तू देणार.’

पण माझ्या डोक्यात घर करून बसला तो तुम्ही सांगितलेला अलेक्स बरोज. त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, कुणी घेतलं नव्हतं. एएचएलच्याही खालच्या ईसीएचएलमध्ये बसप्रवास करत खेळला, मग मूसकडे आला, २००५ मध्ये व्हँकूव्हरच्या एनएचएल संघानं करार दिला. २०११ ला बाद फेरीत शिकागोविरुद्ध सातव्या सामन्यात जादा वेळेतला गोल त्याचा, आणि त्याच वर्षी अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात जादा वेळ सुरू झाल्यावर अकराव्या सेकंदाला पुन्हा त्याचाच. हे सांगताना तुम्ही टेबलावर बोटानं अकरा ठोके मोजलेत. मोजून बघ म्हणालात, किती कमी असतात.

आता माझा तिसरा हंगाम चालू आहे. ५० पैकी ४३ करार भरलेत. सात जागा मुद्दाम रिकाम्या. मूसमध्ये बावीस वर्षांचा एक विंगर आहे, संगणकानंच जन्माला घातलेला, ईसीएचएलमधून एएचएलच्या करारावर आणला होता. परवा रात्री त्याला एनएचएलचा करार दिला. त्याची सही आली तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते, नाहीतर तुम्हाला फोन केलाच असता.

पावती लॅपटॉपच्या पिशवीत आहे. पेन्सिल पुसट व्हायला लागली होती, म्हणून वरून चिकटपट्टी लावली.

शनिवारी मूसची मॅच आहे. तिकिटं मी काढलीत. या वेळी बस नाही, घ्यायला मी येतो, आणि पार्किंगचे पैसे मीच देणार. तिथे वाद घालू नका.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा जुना भाडेकरू