'बारमाही' सभासदत्वात कबूल केलेल्या सेवा न मिळाल्याबद्दल तक्रार व रक्कम परतीची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सातपुड्यातील तोरणमाळ (जि. नंदुरबार) येथील रिसॉर्टचे एक वर्षाचे कौटुंबिक सभासदत्व, त्यातील अपुऱ्या सेवा व असुरक्षित साधने.

महोदय,

गेल्या जूनमध्ये तुमच्या लोकांनी धुळ्यातल्या एका हॉटेलात जेवणाला बोलावून मोठ्या पडद्यावर व्हिडिओ दाखवला. धबधबा, झिपलाइन, कयाक, घोडेस्वारी, थंडीत शेकोटी, आणि खाली ठळक अक्षरांत 'वर्षाचे ३६५ दिवस मैदानी मजा'. तो पाहून मी ₹२४,००० अधिक जीएसटी भरून सभासद झालो. आता सभासदत्वाची मुदत संपत आली आहे. फोनवरच्या तक्रारींना 'सर, वर कळवतो' यापलीकडे उत्तर मिळालेलं नाही, म्हणून हे लेखी.

आधी पावसाळा. जुलैत आम्ही आलो तेव्हा तुम्ही ट्रेक बंद ठेवला होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पावसात सातपायरी घाटात दरड येते, सीताखाईच्या कड्यावर धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसत नाही, शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. अशा दिवशी माणसं न्यायचीच नाहीत, हे बरोबरच केलंत. पण तोच 'मान्सून ट्रेक' तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आहे, आणि बुकिंगच्या वेळी 'सर, खरी मजा आत्ताच' असं तुमच्याच माणसाने सांगितलं. सकाळी सांगून दुपारी बंद, असंही नव्हतं. तुमच्या स्वागतकक्षातल्या मुलीने सहज बोलताना सांगितलं की जोराच्या पावसात तो दरवर्षी बंदच असतो. मग तो विकता कशाला? बदल्यात काय मिळालं, तर व्हरांड्यात एक कॅरम. त्याला स्ट्रायकर नव्हता. मुलं पाण्याच्या बाटलीचं झाकण घेऊन खेळली.

दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष, महाशिवरात्रीचा आठवडा, होळीचा आठवडा आणि मे महिन्यातले सगळे शनिवार-रविवार सभासदांना बंद, हे आम्हाला नंतर कळलं. करारात ते शेवटच्या पानावर आहे, भिंग लागेल एवढ्या अक्षरांत. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथांची यात्रा असते, मध्य प्रदेश-गुजरातेतून माणसं येतात. होळीआधी आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठी गावची होळी बघायला लांबून लोक येतात. सातपुड्यात यावं असे हेच तर दिवस. त्या दिवसांत तुमच्या खोल्या जास्त भावाने बाहेरच्यांना जातात आणि आगाऊ पैसे भरलेल्या सभासदाला 'नॉट अव्हेलेबल'. हे सगळं वगळून उरतं त्याला बारमाही म्हणायचं?

जानेवारीतली गोष्ट जास्त गंभीर आहे, ती नीट वाचा. तुमच्या आवारातल्या तळ्यात कयाक चालू होत्या. माझ्या मुलीला दिलेल्या लाइफ जॅकेटचं छातीवरचं बक्कल तुटलेलं होतं आणि तिथे सुतळीची गाठ मारलेली होती. गाठही अशी, की ओली झाल्यावर सुटणार नाही आणि घाईत सोडताही येणार नाही. जॅकेट तिच्या मापाचं नव्हतं. खांद्याला धरून उचललं तर ते कानापर्यंत वर सरकत होतं, म्हणजे पाण्यात पडल्यावर पोर खाली आणि जॅकेट वर. दुसरं मागितलं तर 'सगळी अशीच आहेत, तळं खोल नाही' असं उत्तर. मी तिला उतरू दिलं नाही. मग झिपलाइनकडे गेलो. हार्नेसच्या पट्ट्या कडेला विसविशीत झालेल्या, आणि लेबलवरचं उत्पादनाचं वर्ष पुसलेलं. कापडी पट्ट्यांच्या अशा साधनांना बनवणारेच आयुष्य ठरवून देतात, कारण ऊन आणि घामाने धागा कमजोर होतो. तपासणीची वही मागितली तर ती 'हेड ऑफिसला' होती. झिपलाइन सातपुड्यात आणि तिची वही हेड ऑफिसला!

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं त्यात अपेक्षित आहे. तुमचा नोंदणी क्रमांक मला ना पावतीवर दिसला, ना फलकावर. तो कळवावा.

घोड्याबद्दल दोनच वाक्यं. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो, त्याच जिल्ह्यात तुम्हाला एक धड घोडा मिळू नये, याचं नवल वाटतं. जो होता तो मागच्या पायाने लंगडत होता, आणि त्याच्यावर मुलांना बसवणं आम्हालाच बरं वाटलं नाही.

आता मे. धुळ्यात पारा चाळिशीच्या वर गेल्यावर माणूस डोंगराकडे धाव घेणारच. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर आहे. हजार मीटर चढलं की सहा-साडेसहा अंश उतरतात, एवढा फरक धुळेकराला पुरेसा आहे. तुम्ही मेमध्येही व्हॉट्सअॅपवर धबधब्याचाच फोटो पाठवत होतात. आमच्या ड्रायव्हरने तो बघितला आणि म्हणाला, ''उन्हायामा धबधबा कोठे ऱ्हास भो?'' त्याला जे कळतं ते तुमच्या मार्केटिंगला कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. तुमचं तळं आटून तळाला भेगा पडल्या होत्या, कयाक पालथ्या टाकलेल्या, झिपलाइनवाला लग्नाला गावी गेलेला. म्हणजे मैदानी म्हणावं असं काहीच चालू नव्हतं, आणि तरी बिलात 'अॅक्टिव्हिटी चार्ज' प्रत्येकी ₹६५० लावला. बुकिंग करताना ही रक्कम दाखवलेली नव्हती. असं शेवटच्या टप्प्यावर पैसे वाढवण्याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात आणि ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्याला मनाई आहे.

विशेष म्हणजे मेमध्ये तिथे करण्यासारखं काही नसतं असंही नाही. शेजारच्या पाड्यावरचा एक मुलगा आम्हाला उजाडायच्या आत फिरायला घेऊन गेला. सूर्य वर येईपर्यंत आम्ही खडकीकडच्या कड्यावर होतो, अंगावर चक्क शाल होती. वाटेत त्याने झाडावरची चाराची फळं काढून दिली, काळपट जांभळी. गर चोखायचा आणि आतली बी फोडली की चारोळी. परतताना घरोघरच्या अंगणात कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या, आमचूर करायला, आणि त्या आंबट वासाने माझ्या मुलाच्या तोंडाला पाणी सुटलं. संध्याकाळी यशवंत तलावाच्या काठाने चाललो. यातलं काही तुमच्या माहितीपत्रकात नाही. उलट 'बाहेरच्या गाइडसोबत गेल्यास जबाबदारी आमची नाही' असा कागद तुमच्या व्यवस्थापकाने माझ्याकडून सही करून घेतला. आतला गाइड कुठे होता, हे मी विचारलं. तो नेमलेलाच नव्हता.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. सातपुडा दर दोन महिन्यांनी बदलतो. कोणत्या महिन्यात काय चालू आणि काय बंद असतं हे तुम्हाला तोंडपाठ आहे, आणि तरी तुम्ही ऑगस्टचा फोटो दाखवून मे विकता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे.

माझ्या मागण्या अशा : सभासदत्वाची निम्मी रक्कम आणि मेच्या बिलातला अॅक्टिव्हिटी चार्ज पूर्ण परत करावा. लाइफ जॅकेट आणि हार्नेस बदलेपर्यंत कयाक व झिपलाइन बंद ठेवावी, आणि बदलल्याची तपासणी तारखेसह लेखी कळवावी. ही मागणी पैशांच्याही आधीची समजा. पुढे कुणालाही सभासदत्व विकताना महिनावार उपक्रम आणि बंद दिवस पहिल्या पानावर, वाचता येईल अशा अक्षरांत छापावेत. आणि पाड्यावरच्या मुलांना वाटाडे म्हणून कामावर घ्यावं. ही शेवटची अर्थात मागणी नाही, सूचना आहे, पण तुमच्याच फायद्याची.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून धुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 'वादाचे क्षेत्र मुंबई राहील' असं तुमच्या करारात छापलेलं आहे, पण ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचं शुल्कही नाही.

सभासदत्वाची पावती, मेचं बिल आणि सुतळी बांधलेल्या जॅकेटचे फोटो सोबत जोडले आहेत. मूळ प्रती माझ्याकडे आहेत.

कळावे,

आपला सभासद,
(सही)
देवपूर, धुळे